सूनबाईंच्या तीन मीटर स्वारीची हकीकत

वाचणारांनी पाय भुईला नीट टेकून बसावे, कां की ही हकीकत पायांचीच आहे. सूनबाईसाहेबांचे देही मल्टिपल स्क्लेरोसिस नामे गनीम शिरला, आणि मेंदूच्या तख्तावरून हुकूम सुटे तो पायांच्या ठाण्यास उशिरा पोचे, कधी वाटेतच जासूद गहाळ होई, ऐसा कारभार जाहला. मग सासूबाई, म्हणजे खाशा आईसाहेब, यांनी आठ महिने त्यांचे कोपर धरून खोली ते मोरी, मोरी ते स्वयंपाकघर, ऐसा कडेकोट बंदोबस्त राखिला.

आज दवाखान्यात चाल आणि तोल यांची परीक्षा मुक्रर होती. फिजिओथेरपिस्ट बाईंचे फर्मान ऐसे, की खुर्चीवरून उठावे, आणि तीन मीटर चालावे, आणि प्लॅस्टिकच्या शंकूस वळसा घालून परत येऊन बसावे. मागले खेपेस अठरा सेकंद लागले. चौदाच्या आत आल्यास वॉकर जाऊन काठी मिळेल, आणि ग्रंथालयातील नोकरीवर एकटीने जाण्याची सनद लिहून देऊ. सूनबाईंचा जीव त्या सनदेत अडकला होता.

स्टॉपवॉच सुरू जाहले. सूनबाई उठल्या, आणि चालल्या, आणि शंकूपाशी वळताना किंचित डुलल्या. त्यांच्या कमरेचा पट्टा धरून बाई शेजारीच तैनात असतां, आईसाहेबांनी पर्स टाकून झेप घेतली आणि कोपर पकडिले. ही वेळ बाद, ऐसे बाईंनी जाहीर केले.

"पडली असती तर तुझं घड्याळ उचलणार होतं का तिला?" आईसाहेबांनी रोकडा सवाल टाकिला.

मग सूनबाई घाम पुसून हळूच म्हणाल्या, "आई, तुम्ही धरता म्हणूनच मी उभी आहे, असं आता मलाही वाटायला लागलंय. एकदा नका धरू."

घाव वर्मी लागला. जिच्यापुढे उभ्या इमारतीची बोलती बंद होई, त्या आईसाहेबांनी पडलेली पर्स उचलिली आणि बाजूच्या खुर्चीत ठाण मांडिले.

मग थकल्या पायांस विसावा देऊन दुसरी स्वारी निघाली. आईसाहेबांनी आपले दोन्ही हात आपल्याच मांड्यांखाली कैद केले. सूनबाई वळल्या, आणि पुन्हा डुलल्या, आणि आईसाहेबांची खुर्ची करकरली, परंतु कैदी सुटले नाहीत. तेरा सेकंद आणि वर थोडे. फत्ते जाहली.

सनद झाली, काठी हाती आली. निघताना सूनबाईंनी आपले कोपर पुढे केले, तों "माझे पाय शाबूत आहेत, तू तुझी काठी सांभाळ," ऐसे फर्मावून आईसाहेब पुढे निघाल्या; मात्र पाऊल बेताने टाकीत होत्या, की मागची टकटक कानाआड होऊ नये.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. आपल्याकडील जायबंदी कोणी नाही. आईसाहेबांच्या हातांस मुंग्या आल्या, त्या त्यांनी मर्दुमकीने सोसल्या, हे दफ्तरी कायम व्हावे.