धूम्रनाथाच्या बांधावरचा आंबा

माणूस जन्माला घालायला फारसा विचार लागत नाही, हे सर्वमान्य आहे. (शंका असेल त्यांनी आमच्या गावची शाळा पाहावी, पहिलीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरतो.) सोंग जन्माला घालायचं म्हटलं की मात्र बळ, बुद्धी, हिंमत, शस्त्र, स्वभाव असं सगळं आधी ठरवावं लागतं. म्हणूनच जगातली सोंगं नीटनेटकी असतात आणि माणसं निघतील तशी निघतात.

जामखेडजवळच्या आमच्या गावात ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळात शास्त्रशुद्ध पद्धतीनं सिद्ध झाली. श्रेय गहिनीनाथ गुरुजींचं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले त्याच साली शाळेतला जगाचा नकाशाही निवृत्त झाला. (कडा दोघांच्याही झिजल्या होत्या.) गुरुजींनी तो घरी आणला, पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या कापडावर स्वतःचं राज्य रंगवलं. त्यात डोंगर होते, किल्ला होता आणि कोपऱ्यात एक गुहा होती. गुहेत राक्षस आणि राक्षसाच्या कैदेत राजकन्या. मधून एक बारमाही नदी जात होती. त्या वर्षी आमच्या तालुक्यात निळं पाणी असं तेवढंच होतं.

खेळणाऱ्यांनी एकेक सोंग घ्यायचं, कवड्या टाकत पुढं सरकायचं आणि राजकन्या सोडवायची, असा तो खेळ. दिवसा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायचं. काम सुटलं की फक्रुद्दीनच्या सायकलच्या दुकानात नकाशा पसरला जायचा.

सोंगनिर्मितीची कार्यपद्धती अत्यंत निःपक्षपाती होती. सात कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकं बळ. तसंच बुद्धीचं, तसंच हिमतीचं. मात्र कवडी कोणाच्या पायाला लागली, वारा आला, टाकणारा शिंकला किंवा आकडा पसंत पडला नाही, तर तो टाक रद्द समजून पुन्हा टाकायची मुभा होती. या नियमामुळे गावात एकही दुबळं सोंग जन्माला आलं नाही. नशिबाच्या कवड्या टाकायला मात्र कोणी तयार होईना.

"बाकी समदं टाकू गुरुजी, नशीब ऱ्हाऊ द्या," कारभारी म्हणाला. "आधीच लई झालंय."

हा कारभारी म्हणजे आईसमोर, गोजरबाईसमोर, आयुष्यात मान वर न केलेला शेतकरी. त्यानं गदाधारी वीर रणखांब तयार केला. त्याचा शेजारी छगन. त्याला बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. त्यानं मौनी मांत्रिक धूम्रनाथ घडवला, आणि धूम्रनाथ किती मौनी आहे हे रोज तासभर सांगू लागला. फक्रुद्दीनला दिवसभर "फक्रुभाई, पंप द्या" अशा हाका पडायच्या. त्यानं अदृश्य हेर घेतला. तेव्हापासून खेळताना कोणी त्याच्याकडं पाहिलं की तो रागवायचा.

एकंदरीत राजकन्येची सुटका जवळ आली होती. इतक्यात गोजरबाई मुलाला जेवायला बोलवायला आली आणि गुरुजींनी काढलेल्या रणखांबाच्या चित्रावर तिची नजर पडली.

"ह्यो कुठला?"

"लई पराक्रमी हाय, आई."

"आसंल. मामाचं गाव कंचं?"

कारभाऱ्यानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी शस्त्रं ठरवली होती, मंत्र ठरवले होते, राक्षसाच्या दातांवर आठवडाभर रंग चढवला होता. पण मामाच्या गावाचा विचार झाला नव्हता.

"मामाचं गाव ठावं न्हाई आन् गदा घिऊन फिरतंय!" गोजरबाई म्हणाली. "आसल्याला दारात कोन उबं करल?"

मुद्दा बिनतोड होता. ज्याला आगापिछा नाही त्याच्या हाती राजकन्या तरी कशी द्यायची? मोहीम तहकूब झाली आणि प्रत्येक सोंगाचं गाव, भावकी, कुलदैवत, मुळं कुठली आणि पाहुणे कुठं कुठं, याची निश्चिती सुरू झाली. (या कामाचा उत्साह मोहिमेच्या चौपट होता.) आणि इथंच गुरुजींच्या हातून चूक झाली. नदीकाठी जागा एकाच गावापुरती उरली होती, आणि नदीपासून लांब मामाचं गाव घ्यायला त्या वर्षी कोणीच राजी नव्हतं. गुरुजींनी रणखांबाचा आणि धूम्रनाथाचा मामा एकाच गावात बसवला.

एका गावात म्हणजे एका घरात, असं गोजरबाईनं ठरवलं. म्हणजे दोघांच्या आया बहिणी, आणि हे दोघे मावसभाऊ. मग मामा दिसत का नाही? तर गुरुजींनी तो रंगवलेला नव्हता. सबब तो वारला असं धरण्यात आलं. त्याला मूलबाळही रंगवलेलं नव्हतं. सबब त्याची नदीकाठची बागायत दोन भाच्यांत आली, वाटणी झाली, आणि वाटणी झाली म्हणजे मध्ये बांध आला. त्या बांधावर एक आंबा होता. तिथं रिकामं दिसतं म्हणून तो गुरुजींनी पूर्वीच काढून ठेवला होता.

आता प्रकरण नीट समजून घ्यावं. आंब्याचा बुंधा बांधापासून चार बोटं धूम्रनाथाच्या रानात होता. फांद्या मात्र सगळ्या रणखांबाच्या बाजूला झुकलेल्या, आणि फळं तिकडंच.

"बुंधा ज्याचा, झाड त्याचं," छगन म्हणाला. "आडान्याला बी कळतं."

"आन् झाडाला पानी कुनी घातलं?" कारभारी म्हणाला. "मामा हातरुणाला खिळला तवा त्याचं हागणं-मुतणं कुनी काढलं? रणखांबानं! तुझा धूम्रनाथ मौन धरून बसला हुता!"

हे आरोप छगनच्या वर्मी लागले, कारण ते खोडून काढायला त्याच्याजवळ पुरावा नव्हता. गावात पाहणी केली असता निम्मं गाव बुंध्याच्या बाजूनं, निम्मं फांद्यांच्या बाजूनं, आणि उरलेलं निम्मं दोन्हीकडं चहा पिऊन आलेलं आढळलं. फक्रुद्दीनचा हेर सगळीकडं हिंडायचा, म्हणून त्याला साक्षीला बोलावलं.

"मी हुतो तिथं," फक्रुद्दीन म्हणाला. "पन कुनाला दिसलो न्हाई. न दिसल्याली साक्ष कोन धरतंय?"

हे सगळं गमतीचं झालं असतं. पण छगनची चांगुणा कारभाऱ्याच्या भीमाला दिलेली होती. सुपारी फुटली होती, वैशाखातली तिथी धरली होती. छगननं भरल्या पारावर सांगून टाकलं, "जो मावसभावाचा आंबा गिळतो, त्याच्या घरात माजी लेक न्हाई!"

"नगं दिऊ!" कारभारी ओरडला. तो इतक्या मोठ्यानं बोलतो हे गावाला प्रथमच कळलं.

मला वाईट वाटलं ते चांगुणाचं. ती आणि भीमा एकाच जागी खडी फोडायची. भीमा तिच्या पाटीत खडी जरा कमीच भरायचा. हे मुकादमाला दिसत होतं, गावाला दिसत होतं. बापांना दिसत नव्हतं, कारण ते केव्हाच नदीकाठी राहायला गेले होते. त्यांना तरी काय बोलायचं? दोघांच्या खऱ्या शेतांमध्येही बांध होताच. पण त्या साली बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखंच, म्हणजे काहीच उगवलं नव्हतं, आणि त्यावर भांडण काय करणार?

तिथी आठवड्यावर आली. त्या संध्याकाळी चांगुणा कामावरून तशीच, खडीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या हातांनी दुकानाच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, मला बी एक सोंग पायजे."

बायकांनी सोंग घेऊ नये असा नियम नव्हता. (तो कोणाला सुचला नव्हता.) तिनं कवड्या टाकल्या. बळ शून्य. पुन्हा टाकल्या. हिंमत शून्य. बापानं सवयीनं "वारा आला, वारा आला" असं म्हटलं, पण ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, नाना. एवढं बास हाय."

"नाव काय लिहू?" गुरुजींनी विचारलं.

"नाव लागत न्हाई त्याला. मोजनीदार हाय, सरकारी."

"शस्त्र?"

"जमीन मोजायची साखळी."

छगननं टोपी नीट केली. कारभारी उठून उभा राहिला. फक्रुद्दीननं, आपण अदृश्य आहोत हे विसरून, स्टूल पुसून पुढं सरकवलं. गदेला न भ्यालेला आणि मंत्राला न बधणारा गुहेतला राक्षसही जरा अंग चोरून बसल्यासारखा मला वाटला.

"तुमच्या बांधाचा अर्ज आलाय," चांगुणा नकाशाकडं बघत म्हणाली. "मोजनी हुईल. पन पाऊस पडून रान वाफशावर आल्याबिगर साखळी लागत न्हाई. तवर आंबा हाय तसा. कुनी पाडायचा न्हाई, कुनी खायाचा न्हाई. आन् मोजनीला दोन्ही घरची मान्सं एका जागी हजर लागत्यात. सोयरीक मोडल्यावर तुमी दोघं एका बांधावर उबं ऱ्हानार हाय का?"

दोघांनी माना खाली घातल्या. छगननं अदबीनं विचारलं, "सायेब, मोजनी कंदी हुईल?"

"तारीख कळवू," चांगुणा म्हणाली.

या दोन शब्दांपुढं आमच्या जिल्ह्यात आजवर कोणाचंही काही चाललेलं नाही. भांडण जागच्या जागी निवलं. दारात उभ्या असलेल्या गोजरबाईनं होणाऱ्या नातसुनेला खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं आणि "नांदंल ही," एवढंच म्हणाली. वैशाखात लग्न झालं. अक्षतांना तांदूळ नव्हते, ज्वारी रंगवून घेतली. पण छगन इतका रडला की ऐन दुष्काळात ते पाणी वाया गेल्याबद्दल पाहुण्यांत कुजबूज झाली.

मृगात पाऊस आला. खडी सुटली, माणसं रानात गेली आणि गुरुजींनी नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला. मोजणीची तारीख अजून आलेली नाही. दोघे व्याही आता म्हातारे झालेत, फाल्गुन लागला की एकमेकांना हळूच विचारतात, "औंदा मोहर कसा आसंल रं?"

ही हकीकत मी केडगावच्या पाहुण्यांपासून राजूरच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांपर्यंत पुष्कळांना सांगितली. ऐकून झालं की सगळे पुढं सरकून एकच विचारतात, की न्यायानं पाहता आंबा कोणाचा? निम्मे बुंध्याकडून बोलतात, निम्मे फांद्यांकडून. गुहेतल्या राजकन्येचं पुढं काय झालं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. गुरुजींनी नकाशा गुंडाळला तेव्हा ती आतच होती.

तुम्हीही विचारलं नाहीत. बुंधा की फांद्या, ते मात्र तुमचं मघाशीच ठरून गेलंय.