आप्पा खाली चालले

"आजपासून या घरात वीज फुकट जाणार नाही," अशी घोषणा अनुस्वाररावांनी शनिवारी सकाळी केली. ऐकायला दोनच माणसं होती. एक बायको, ती चपला घालत होती. दुसरे वडील, आप्पा, ते अंथरुणाला खिळलेले होते.

अनुस्वारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम. लोकांचे सुटलेले अनुस्वार पकडण्यात उमर गेली, म्हणून सोबत्यांनी बारसं केलं. त्यांचा नियम असा, की अक्षर वाचायचं, मजकूर वाचायचा नाही. पाककृतींचं पुस्तक तपासताना त्यांना कधी भूक लागली नव्हती आणि मृत्युलेख तपासताना कधी डोळे भरले नव्हते. पण त्या आठवड्यात वीजबचतीवरची एक पुस्तिका आली आणि चुकून त्यांनी ती अर्थासकट वाचली. तिथेच घात झाला. बंद करून ठेवलेली यंत्रंसुद्धा भिंतीला चिकटून गुपचूप वीज पीत बसतात, त्या विजेपायी कुठेतरी कोळसा जळतो आणि तो धूर आपल्या खात्यावर चढतो, हे वाचून त्यांना घरातल्या प्रत्येक लुकलुकत्या दिव्याचा राग यायला लागला.

त्यांनी हे सगळं आप्पांना उभ्याउभ्याच समजावलं. प्रत्येक माणसाचा म्हणे पृथ्वीवर कार्बनचा ठसा उमटतो, पावलासारखा. मांडीचं हाड मोडून पडलेल्या आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझं पाऊल जमिनीला लागून किती महिने झाले," ते म्हणाले. "मला त्यातून वगळ."

बायको बऱ्याच दिवसांनी बहिणीकडे चालली होती. दाराशी तिने औषधं सांगितली, जेवण कुठे झाकून ठेवलंय ते सांगितलं आणि पुन्हा मागे वळून म्हणाली, "आणि गादीकडे लक्ष ठेवा हं." अनुस्वाररावांनी मान हलवली. ती गेल्यावर आप्पांच्या चादरीखाली हात घालून पाहिला. कोरडी होती. चला, एक काम झालं.

मग ते मोहिमेवर निघाले. टीव्ही झाला, मिक्सर झाला, कुणाचाच नसलेला एक चार्जर सापडला. आप्पांच्या खोलीत पलंगामागे, भिंतीशी, एक हिरवा दिवा मिणमिणत होता आणि काहीतरी घूं घूं करत होतं. कसलं यंत्र आहे कोण जाणे. खोलीत पंखा चालू होता, आप्पांना आणखी काय लागणार? त्यांनी वाकून बटण दाबलं. घूं घूं थांबली. घर कसं देवळासारखं शांत झालं. अनुस्वारराव समाधानाने बाहेर येऊन पेपर घेऊन बसले.

तासाभराने आप्पांची हाक आली.

"मी चाललोय रे."

"कुठे?"

"खाली."

अनुस्वारराव दाराशी आले. आप्पांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण चेहरा उतरला होता. ते सांगू लागले. आधी कान गेले. कित्येक दिवस कानात घुमत असलेला आवाज एकाएकी बंद पडला. मग अंग जड झालं, पलंग आत ओढून घेतोय असं वाटायला लागलं. आणि आता नजर चालली. खिडकीतून समोरचं झाड दिसायचं, त्याचा आधी बुंधा गेला, मग फांद्या, आता नुसतं आभाळ उरलंय.

अनुस्वाररावांनी डॉक्टरांना फोन केला आणि मग दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, ताईला. ताई गाण्याची शिकवणी अर्धवट टाकून आली, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात विद्यार्थिनीची.

आप्पांनी दोघांना जवळ बोलावलं. आता लपवून काय करायचं, असं म्हणून त्यांनी मन मोकळं केलं.

ताईला ते म्हणाले, की तिचं गाणं त्यांना कधीच आवडलं नाही. ती गायला बसली की ते डोळे मिटत. तिला वाटे, तल्लीन झाले. ते सोसत असत. ताईने त्या मिटल्या डोळ्यांच्या भरवशावर आख्खी शिकवणी उभी केली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग ते मुलाकडे वळले. "घर मी सुनेच्या नावावर केलंय. तुझ्या नाही."

"आप्पा..."

"ती मला कुशीवर वळवते. तू उंबऱ्यातून विचारतोस, बरं आहे ना, आणि मी तोंड उघडेपर्यंत निघून जातोस. मी उत्तर देतो रे रोज. पंख्याला ऐकवतो."

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, कपाळाला आठ्या घातल्या. मग आप्पांच्या बाजूला गादी दाबली, तर बोट थेट फळीला टेकलं.

"हवा कुठे गेली?"

"कसली हवा?" अनुस्वाररावांनी विचारलं.

"अहो, ही हवेची गादी आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. तिचा पंप चोवीस तास चालू लागतो. तुमच्याच घरातली आहे ना ही?"

डॉक्टरांनी पलंगामागे हात घालून बटण दाबलं. घूं घूं सुरू झाली आणि आप्पा वर येऊ लागले. अगदी सावकाश, तव्यावरच्या पोळीसारखे एका बाजूने फुगत. तिघंही नुसती बघत उभी होती.

"झाड आलं," आप्पा पडल्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ताईने ते मिटलेले डोळे पाहिले आणि ती चपला शोधायला निघून गेली.

डॉक्टरांनी आप्पांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. आणखी काही तास असेच गेले असते तर कातडी फाटली असती, असं ते म्हणाले. वडिलांची पाठ एवढी वाळलीय, हे अनुस्वारराव पहिल्यांदाच पाहत होते. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधल्या आणि ही घरातली सुटली.

डॉक्टर गेले. अनुस्वारराव पहिल्यांदाच पलंगाशी खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारलं, "आप्पा, ते मघाचं... सगळं मनापासून होतं?"

"मरताना कुणी खोटं बोलतं का?"

"पण तुम्ही मरत नव्हता."

"ते मला कुठे माहीत होतं?" आप्पा म्हणाले. "माहीत असतं तर इतकं खरं बोललो असतो का मी?"

आप्पांनी झाडाकडे पाहिलं.

"वळव मला," ते म्हणाले. "हळू. तुला सवय नाही."

अनुस्वाररावांनी वळवलं. चुकतमाकत, दोनदा उशी पाडून, पण वळवलं.

"जमलं का, आप्पा?"

"हं," आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आता जाताना कशाला हात लावू नकोस."