एक मत, तीन सोबती

निवडणुकीला चार आठवडे उरले असताना बाई स्टुलावरून पडल्या आणि त्यांचे दोन्ही हात मोडले. पडल्या त्या टीव्हीच्या रिमोटपायी.

त्या घरात माणसं चार आणि पक्ष तीन. बाईंचे यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा पक्ष कंगव्याचा. स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, पण कंगव्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की टक्कल लालबुंद व्हायचं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. दिवसभर लिफ्टच्या तारा जोडायचा आणि संध्याकाळी घरी येऊन शिडीचा जयजयकार करायचा. सून औषधांच्या दुकानात कामाला होती आणि ती बादलीची. "नळाला पाणी एक तास येतं. बादलीवाचून या घराचं पान हलत नाही, आणि तुम्ही मला कंगवे दाखवता?" हा तिचा मुद्दा आजवर कुणालाच खोडता आला नव्हता.

बाई स्वतः गणिताच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. त्या कुठल्या पक्षाच्या हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी तिघांना तीन वाहिन्यांवरच्या तीन चर्चा बघायच्या होत्या. दर अर्ध्या मिनिटाला पडद्यावरचा माणूस बदलत होता. शेवटी बाई उठल्या, रिमोट हिसकावून घेतला आणि स्टुलावर चढून तो कपाटाच्या माथ्यावर टाकायला निघाल्या. तिघंही एकदम धावले, ते रिमोट धरायला. स्टुलाला धक्का लागला. रिमोट सुनेने वरच्यावर झेलला. बाईंना कुणी झेललं नाही.

दोन्ही मनगटं गेली. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर, बाहेर डोकावणारी बोटांची टोकं सुजून टम्म झालेली. दवाखान्यात नेताना वाटेतल्या खड्ड्यावर गाडी आदळली तेव्हा हा खड्डा कुणाच्या राजवटीतला यावरून तिघांची पुन्हा जुंपली. मागच्या सीटवर बाई कण्हत होत्या, पण खड्ड्याचा निकाल लागेपर्यंत त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"सहा आठवडे हात हलवायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बोटांनीसुद्धा काही दाबायचं नाही. मतदानाची काळजी करू नका हं. अशा वेळी सोबत एक माणूस नेता येतो. तुमच्या वतीने बटण तो दाबतो."

खोलीत एकदम शांतता पसरली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण यजमान, मुलगा आणि सून एकाच वेळी गप्प बसल्याचं बाईंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग तिघांचेही डोळे लकाकले. एका माणसाला दोन मतं!

दुसऱ्या दिवसापासून घरात सेवेची लाट आली. ज्या यजमानांना चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे माहीत नव्हतं ते पहाटे उठून चहा करू लागले. मुलगा चमच्याने सूप भरवू लागला. सून केस विंचरून देई. कंगवा हातात धरताना तिला त्रास होई, तरी विंचरी.

"आई, एवढा एक चमचा घे. आणि बघ, त्या दिवशी गर्दी असणार. मी असलो म्हणजे तुला धक्का लागणार नाही."

"गर्दीत बायकांच्या रांगेत हे कसे येतील? आई, मीच येते तुमच्यासोबत."

"अगं, मी काय मेलोय का? नवरा असताना हिला दुसऱ्याची सोबत कशाला?"

बाई चमचे गिळत होत्या आणि आतल्या आत धुमसत होत्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. इथे तर एका बिळावर तीन नागोबा.

मत कुणाला जाईल याचीच फक्त ती चीड नव्हती. बाईंना मतदानाची ती जागा मनापासून आवडायची. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, त्याच्या मागे आपण एकटं. घरात त्यांना अशी जागा कधी मिळालीच नव्हती. न्हाणीघरात गेलं तरी कुणीतरी दार वाजवून मोजे कुठे आहेत म्हणून विचारायचं. दर निवडणुकीला वाटेत यजमान बजावायचे, "कंगव्यावर दे बरं का." बाई मान डोलवायच्या आणि पुठ्ठ्यामागे जाऊन मनाला येईल ते करायच्या. पाच वर्षांतून एकदा मिळणारी ती दोन मिनिटं. आता त्या दोन मिनिटांतही हे तिघे घुसणार होते.

चौथ्या दिवशी त्यांनी सूप भरवणाऱ्या मुलाचा चमचा दातांत घट्ट धरला आणि मग सोडून दिला.

"ऐका तिघंही. मी सोबत कुणालाही नेणार नाही. तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये मी पहारा केलाय. ज्याचा पेपर त्याने लिहायचा. दुसऱ्याच्या हाताने पेपर लिहिणाऱ्याला मी उठवून बाहेर घालवलंय, मग तो संचालकाचा मुलगा का असेना."

"अगं, पण दाबणार कशाने?" यजमान हसले.

"ते माझं मी बघीन."

"बघेल, बघेल," मुलगा बायकोच्या कानात कुजबुजला. "आयत्या वेळी आपल्यालाच हाक मारेल." सुनेने मान डोलावली, पण आपल्याला म्हणजे नेमकं कुणाला, हे तिने मनात वेगळं ठरवून ठेवलं होतं.

मतदानाच्या दिवशी बाई सकाळी सातला तयार होऊन बसल्या. तेव्हा कळलं की त्यांचं ओळखपत्र जागेवर नाही. ते यजमानांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं. "सांभाळून ठेवलंय. माझ्याबरोबर चल, लगेच काढतो." गाडीची किल्ली मुलाच्या मुठीत होती. आणि बाईंना ज्याच्यावाचून समोरची भिंतही दिसत नसे तो चष्मा सुनेकडे होता. "पुसायला घेतलाय, आई."

सकाळी सातला घेतलेला चष्मा दहा वाजेपर्यंत पुसून झाला नव्हता.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मतदान होईपर्यंत या घरातलं पाणीसुद्धा माझ्या तोंडात जाणार नाही."

यजमान चहा घेऊन आले. बाईंनी ओठ मिटले. मुलगा सूप घेऊन आला. ओठ मिटलेलेच. सुनेने फळांचे तुकडे करून आणले, बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि ते ओरडणं घरभर ऐकू येत होतं, पण त्या हलल्या नाहीत. हातात बळ नसलं की माणसाला जबड्यात किती बळ आहे ते कळतं.

दुपारभर तिघांचं आपापसात चाललं होतं. "बाबा, तुम्ही आधी ओळखपत्र द्या, मग मी किल्ली देतो." "तुझ्या बायकोला आधी चष्मा द्यायला सांग." "मी पहिली का? बादलीवालेच नेहमी पहिले का वाकणार?" कुणी एकट्याने मत द्यायलाही जाईना. आपण पाठ फिरवली आणि मागे दुसऱ्याने बाईंना पळवलं तर? घरातले तिघे कडवे कार्यकर्ते घरातच एकमेकांवर पहारा करत बसले.

साडेचार वाजता सुनेला भीती वाटली. "अहो, त्यांना चक्कर येईल. काहीतरी करा." शेवटी तह झाला. चौघांनी एकत्र जायचं, आपापली वस्तू आपापल्याजवळ ठेवायची आणि सोबत कोण जाणार हे तिथे गेल्यावर ठरवायचं.

तह चौकापर्यंत टिकला. सिग्नलला मुलगा म्हणाला, "कंगवावाल्यांनी देशाला टक्कल पाडलं." यजमान दार उघडून रस्त्यात उतरले आणि फुटपाथवर जाऊन उभे राहिले. त्यांच्या खिशात ओळखपत्र असल्यामुळे गाडी वळवून त्यांची मनधरणी करावी लागली. त्यांना बाईंनी नव्हे, मुलाने "चुकलं" म्हणावं अशी त्यांची अट होती. मुलाने तीन वेळा "चुकलं" म्हटलं, पण तिसऱ्या वेळी तो हसला, म्हणून चौथ्यांदा म्हणावं लागलं.

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा सहाला सात मिनिटं होती.

फाटकावर एक पोलीस उभा होता. त्याने प्लास्टर बघितलं. "आजींना लगेच आत सोडतो. ओळखपत्र दाखवा. सोबत एकच माणूस, बाकीचे रांगेला."

यजमानांनी नाइलाजाने ओळखपत्र काढलं आणि त्याची दोरी बाईंच्या गळ्यात अडकवली. सुनेने नाइलाजाने चष्मा नाकावर चढवला. मग तिघंही एकदम म्हणाले, "मी."

"मी नवरा आहे."

"मी मुलगा आहे. रक्ताचं नातं."

"अंघोळ मी घालते, कपडे मी घालते, आणि नाती तुम्ही सांगता?"

"लवकर ठरवा," पोलीस म्हणाला. "सहाला फाटक बंद."

"काय रे, महिनाभर चहा कुणी केला?"

"तो चहा होता?"

बाईंनी तिघांकडे एकदा बघितलं. गळ्यात ओळखपत्र होतं, डोळ्यांवर चष्मा होता, पाय तर पहिल्यापासून धड होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, इथे तर तिघं भांडत होते. त्या वळल्या आणि दोन्ही पांढरे हात छातीशी धरून तरातरा आत चालू लागल्या. मागे चहाची चर्चा सुरू होती. त्या पायऱ्या चढल्या तेव्हा पोलिसाने घड्याळ बघितलं आणि फाटक ओढून घेतलं.

वर्गातला अधिकारी दिवसभराच्या कामाने मरगळला होता. त्याने ओळखपत्र तपासलं, सुजलेल्या एका बोटाच्या टोकाला शाई लावली आणि विचारलं, "सोबती कुठेय?"

"फाटकाबाहेर भांडतायत. तिन्ही सोबती."

"मग बटण कोण दाबणार?"

"मी."

"आजी, कशाने?"

"नाकाने."

बाजूच्या बाकावर तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी बसले होते. सकाळपासून त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते आता झालं. "साहेब, असं चालणार नाही." "साहेब, मी मदत करतो आजींना." "तू कशाला? मी करतो." तिघंही उठून उभे राहिले.

बाईंना घर आठवलं, सूप आठवलं, सकाळपासूनची भूक आठवली आणि तीस वर्षं वर्ग गप्प करणारा तो आवाज त्यांच्या पोटातून वर आला.

"खाली बसा!"

तिघं बसले. अधिकारीही बसला. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला बसायला जागा नव्हती, त्याने नुसते गुडघे वाकवले.

"तुमचं नियमांचं पुस्तक आहे ना? काढा," बाई अधिकाऱ्याला म्हणाल्या. "नाकाने बटण दाबू नये, असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा."

अधिकाऱ्याने पुस्तक काढलं, पानं उलटली, पुन्हा उलटली. "तसं... नाही लिहिलेलं."

"मग चालू करा यंत्र."

पुठ्ठ्यामागे बाई वाकल्या तेव्हा कळलं की गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. नाक टेकायच्या आधी चष्मा यंत्राला टेकत होता, आणि इतक्या जवळून कंगवा, शिडी, बादली सगळं एकच धुकं दिसत होतं. एक बटण जरी इकडेतिकडे झालं तरी मत भलत्यालाच जाणार. त्या मागे सरल्या. वरून कितवं ते नीट मोजलं. मग डोळे मिटले, मान तिरकी केली आणि पहिल्या बटणापासून नाकाच्या शेंड्याने एकेक बटण चाचपत, मोजत खाली आल्या. मध्येच धुळीने शिंक आली. ती त्यांनी दात दाबून गिळली. ज्याची त्याची मोजणी ज्याने त्याने करायची. हवं ते बटण आलं तशी बाईंनी मान पुढे रेटली.

यंत्राने लांबलचक आवाज केला.

बाई सरळ झाल्या, पण बाहेर आल्या नाहीत. पुठ्ठ्याच्या त्या आडोशात त्यांना फार बरं वाटत होतं.

"आजी, झालं ना?" अधिकाऱ्याने हळूच विचारलं.

"झालं. जरा उभी राहते."

आणि त्या उभ्या राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा फाटकाच्या गजांना धरून तिघं ओळीने उभे होते. "साहेब, आमचं मत राहिलं हो," यजमान पोलिसाला सांगत होते. "गेल्या चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

"आत होते त्यांचंच झालं," पोलीस म्हणाला. "तुम्ही बाहेर होता."

गाडीत कुणी कंगव्याचं नाव काढलं नाही, शिडीचं नाही, बादलीचंही नाही. हिशेब तिघांनाही कळला होता. महिनाभर आरडाओरडा करणाऱ्या त्या घरातून देशाला एकच मत गेलं होतं. घरी पोचल्यावर चहा, सूप, फळं असं सगळं एकदम बाईंच्या पुढे आलं. यजमानांनी कप त्यांच्या ओठांना लावला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, कुणाला दिलंस?" मुलाने चमचा पुढे केला, "आई, मला तरी सांग." सुनेने फळाचा तुकडा उचलला, "मी कुणाला नाही सांगणार, आई."

बाईंनी चहा प्यायला, सूप संपवलं, फळंही खाल्ली. मग सुनेला पदराने तोंड पुसायला लावलं आणि तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"उद्यापण विचारा," त्या म्हणाल्या. "हे तोंड फक्त खायला उघडेल."