आंब्यावरचं बांधकाम

मयुरेशचा घटस्फोट झाला आणि त्याची मुलगी स्वानंदी आजी-आजोबांकडे येऊ लागली ती फक्त रविवारी. कोर्टाचा हुकूमच तसा होता. गंगापूर रोडच्या त्या बंगल्यात पोरगी बूटही न काढता सोफ्याच्या कडेला बसायची आणि आई न्यायला कधी येते याची वाट बघायची.

एकदा खिडकीतून अंगणातल्या आंब्याकडे बघत तिनं विचारलं, "आजोबा, त्याच्यावर घर करता येतं?"

झालं! आजोबांनी, म्हणजे ढुंढिराजांनी, दुसऱ्याच दिवशी फळ्या, पत्रा आणि शिडी आणली. (जन्म बँकेत गेलेला, हातोडी खिळ्यापेक्षा अंगठ्यावरच जास्त पडली.) पुढच्या रविवारी स्वानंदीनं बूट काढले, वर चढली आणि संध्याकाळी उतरायलाच तयार होईना. आजी श्यामलाबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

शेजाऱ्यांना मात्र ते घर थेट आपल्या बाथरूममध्ये डोकावतंय असं वाटलं. त्यांनी तक्रार केली. महापालिकेचा माणूस आला.

"बांधकामाची परवानगी?"

"अहो, झाड आहे ते!"

"छप्पर आहे ना? मग बांधकाम. पाडा."

ढुंढिराज जड मनानं शिडीला हात घालतात, तोच उद्यान विभागाचा माणूस हजर.

"झाडाला खिळे ठोकलेत? गुन्हा आहे हा! पाहणी होईपर्यंत हात लावायचा नाही."

"मग ठेवू की पाडू?"

"ते बांधकामवाल्यांना विचारा."

ढुंढिराज बांधकामवाल्यांनाच काय, भाजीवालीलाही विचारत सुटले. बोभाटा स्वानंदीच्या आईच्या वकिलापर्यंत गेला. 'मुलीला बेकायदा, धोकादायक बांधकामात ठेवतात,' असं त्यानं कोर्टात मांडलं. रविवार बंद झाला. आता भेट महिन्यातून एकदा, कोर्टातल्याच एका खोलीत. मयुरेश वडिलांशी बोलेनासा झाला.

आणि मग महापालिकेचा निरोप आला: झाडावरचं घर आमच्या कुठल्याच नियमात बसत नाही, सबब ते बांधकाम नाही. तक्रार निकाली.

जिंकलेले ढुंढिराज एकटेच वर जाऊन बसले. पावसानं कुजलेली फळी कडकन मोडली.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात पडलात की बाहेर?"

"त्याचं असं आहे डॉक्टर," ढुंढिराज कण्हत म्हणाले, "कायद्यानं बघायला गेलं तर..."

"आंब्यावरून पडलेत," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि डोक्याचाही फोटो काढा. तिथली मोडतोड पडण्याआधीचीच आहे, पण असू दे."