भास्करपंतांच्या मुक्या कॉम्प्युटरास वाचा फुटली, त्याची हकीकत

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

राजमान्य राजश्री समस्त नातलग मंडळी, मुक्काम नागपूर, पुणे व परदेश, यांसी रायपूर ब्राह्मणपाऱ्याहून दत्तोपंतकाकांचे आशीर्वाद. आपण फॅमिली ग्रुपावर फर्माविले की, दसऱ्याचे दिवशी भास्करपंतांचे घरी तोफा कशाच्या उडाल्या, आणि काका रोज सकाळी ‘माझा पेचकस परत द्या’ म्हणोन मेसेज काहून टाकतात, हे साद्यंत लिहावे. ऐशियास आमचे घर भिंतीस भिंत लागोन, म्हणोन जैसे पाहिले आणि पलीकडून जैसे ऐकिले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले ते चवीपुरतेच.

घराणे पुरातन. भोसल्यांचे अमलात नागपुराहून या मुलखी आले आणि येथेच रुजले. सांप्रत घरधनी भास्करपंत, उमर चव्वेचाळीस, नवा रायपुरीं सरकारी दप्तरात अंमलदार, स्वभावे गरीब परंतु हट्टास पेटले तर गाढवासही लाजवतील. त्यांचे शाळकरी वयात तीर्थरूप नरहरपंत यांणी एक कॉम्प्युटर खरीद केला होता, आणि त्यात विमानांचे लढाईचा एक खेळ होता, आणि त्या खेळाचे आवाजाने आमचे दुपारचे झोपेची धूळधाण होत असे. मग पंत दहावीस गेले ते साली मेकॅनिक धूळ काढावयास आला, आणि जाता जाता बोलिला की आवाजाचे कार्ड जळाले. ते दिवसापासोन यंत्र मुके जाहले ते अठ्ठावीस वर्षे मुकेच. पंतांस नोकरी लागली, लग्न जाहले, कन्या जाहली, परंतु तो आवाज पंतांचे कानातून गेला नाही.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, गणपती उठले आणि पंतांणी मसलत केली की काहीही होवो, यंत्रास वाचा फोडावी. हे वर्तमान पंतांचे कुटुंब सौभाग्यवती यामिनीबाईसाहेब यांस कळताच हुजूर स्वयंपाकघरातून फर्मान सुटले, ते अक्षरशः येणेप्रमाणे:

“दसऱ्यापर्यंत ह्या डब्ब्यातून आवाज निघाला तं ठीक, नाही तं दसऱ्याच्या सकाळीच कबाडीले देते. पोट्टीची दहावी आहे, तिले टेबल पाहिजे.”

पोट्टी म्हणजे पंतांची कन्या चिरंजीव स्वरदा, आणि कबाडी म्हणजे भंगारवाला. टेबल घरात एकच, आणि त्यावर यंत्र ठाण मांडोन बसलेले. पंतांचा चेहरा उतरला, परंतु मागे फिरतील ते पंत कसले!

पहिली कुमक पुण्याहून आली. भाचे ओजसराव यांणी उंची जातीचे कार्ड कुरियराने रवाना केले, आणि पंतांणी आमचे दारी येवोन पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, मागोन नेला, आणि यंत्राचे पोट उघडोन पाहतात तो कार्डाचे तोंड आखूड आणि यंत्राची खाच लांब, जुने चालीची. पंतांणी जोर लावला. बोट कापले. कार्ड दाखल न होता पुण्यास परत गेले.

मग पंत स्कूटरीवर स्वार होवोन बूढापाऱ्याचे गल्लीत जुने मालाचे दुकानी दाखल जाहले आणि लांब तोंडाचे कार्ड हस्तगत केले. ते बसले. गाणी वाजली. घरात पेढे वाटले, आम्हांसही अर्धा मिळाला. परंतु खेळ लावता खेळाने साफ सांगितले की आम्ही या कार्डास ओळखत नाही, आमचे काळचे आणा. विमाने उडाली, पडली, जळाली, सर्व मुकाट्याने. पेढा फुकट गेला.

तिसरे कार्ड नवा रायपुरीं यशदीप नामे जुन्या चिजांचा शौकीन गृहस्थ, त्याजकडून उसने आणिले. ते खेळाने ओळखले आणि एक गोळी कडाडली देखील, परंतु त्याच क्षणी माऊस जागचा हलेना. यशदीपास फोन करिता उलगडा जाहला की कार्ड आणि माऊस एकाच चौकीवर हक्क सांगतात, आणि एका चौकीवर दोन पहारेकरी चालत नाहीत. कार्डास दुसरी चौकी द्यावी तर ती बदलावयाची पिनच मोडलेली. पंत दोन्ही हात कपाळास लावोन बसले, आणि दुसरे दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीस या घरी शस्त्रे पूजण्याची चाल. पंतांच्या मातोश्री रमाबाईसाहेब, उमर अठ्ठ्याहत्तर, यांणी आपली लोखंडी पेटी उघडली आणि पाटावर शस्त्रे मांडिली: मूठ नसलेली तलवार एक, अडकित्ता एक, विळी एक, नरहरपंतांचे फाउंटन पेन एक, आमचा पेचकस एक, आणि हळदीकुंकवाने माखलेली एक पट्टी. पंत नमस्कारास वाकले ते वाकलेलेच राहिले. कुंकवाखाली हिरवे दिसत होते, आणि हिरव्यावर सोनेरी दात.

पंतांणी अडखळत विचारले की हे कोठले. मातोश्री निरांजनाची वात सारीत बोलिल्या:

“तुझ्या डब्ब्यातलं. दहावीत तू अभ्यास सोडून ढिशूम ढिशूम करून राहिला होता, म्हून मीच त्या मेकॅनिकले काढाले सांगितलं. तुह्या दहावीची लढाई ह्यानंच जिंकली. शस्त्रच हाय थे. दरसाल पुजते.”

“पण आई, महिन्याभरापासून मी...”

“साऱ्या रायपुराले विचारत फिरला. मले विचारलं कुठं?”

पंतांणी पट्टी उचलावयास हात पुढे केला तो मातोश्रींनी त्यावर चापट मारिली, की पूजेतले शस्त्र दसऱ्याचे सीमोल्लंघनाआधी उचलता येत नाही. आणि उद्या सकाळी तर कबाडी येणार! पंतांचे तोंड पाहोन मातोश्रींचा जीव विरघळला. त्यांणी झेंडूची माळ घेतली, सरळ टेबलापाशी गेल्या, यंत्रास कुंकू लाविले आणि हुकूम केला की आता हेही पूजेत आहे. सकाळी कबाडी आला तो हात जोडोन परत गेला. यामिनीबाईसाहेब सासूबाईंपुढे काय बोलणार? भांडी मात्र फार वाजली.

दसऱ्याचे सायंकाळी सोने वाटोन जाहल्यावर पंतांणी जुन्या टूथब्रशाने अठ्ठावीस वर्षांचे हळदकुंकू झाडिले, कार्ड खाचेत घातले. ते मुकाट बसले, जैसे कधी उठलेच नव्हते. बटण दाबिले. आधी खरखर. मग विमान घरघरले, मग तोफ कडाडली, आणि पंतांचे डोळे भरोन आले. खरे सांगतो, आमचेही आले. झोपमोडीचा तोच आवाज, आणि रमावहिनींस हाक मारोन खिडकी लावावयास सांगणारे नरहरपंत तेवढे नाहीत.

चिरंजीव स्वरदा बोलिली, “पापा, बस इतनी-सी आवाज़ के लिए इतना सब?” आणि खुर्ची ओढोन बसली ती दोन घटका उठली नाही. दुसरे दिवशीही उठली नाही. तिसरे दिवशी पुस्तक उघडले नाही.

चौथे दिवशी मातोश्री लोखंडी पेटी घेवोन आल्या.

तह ठरला तो ऐसा: यंत्र कबाडीस जाणार नाही, मातोश्रींचे खोलीत ट्रंकेवर राहील. टेबल स्वरदेस. कार्ड पेटीत, पेटीची किल्ली मातोश्रींचे कनवटीस, दहावीचा शेवटचा पेपर होईतो. आणि पंतांणी चोरोन पेटीचे बिजागर खोलू नये म्हणोन आमचा पेचकसही त्याच पेटीत.

येणेप्रमाणे भास्करपंतांची फत्ते जाहली. चार दिवस निशाण फडकले आणि सरकारस्वारी वयाचे चव्वेचाळिसावे वर्षी दुसऱ्यांदा दहावीस बसली. पेचकस मार्चात मिळेल. तोवर आमचे दाराची कडी ढिलीच आहे, हे सर्वांस विदित व्हावे.