दाजींच्या कार्डावरची पेंड

मला दिलेले पैसे बँकेला सांगून परत नेणारं गिऱ्हाईक आता नांदेडातच काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं होतं. त्यानंतर बरेच दिवस ती छाती पुन्हा फुगली नाही.

माझा धंदा मोबाईलवर फिरणाऱ्या लग्नपत्रिकांचा. सनई, फुलांचा पाऊस, नवरानवरीचे फोटो आणि शेवटी मंगल कार्यालयाचा नकाशा. गिऱ्हाईक घरबसल्या कार्डानं पैसे भरतं, मी तरोडा नाक्याच्या घरातून पत्रिका पाठवतो. सगळं गोड. पण गिऱ्हाईकानं बँकेला ‘हा खर्च मी केलाच नाही’ असं कळवलं, की बँक आधी माझ्याकडून पैसे ओढून घेते आणि मग विचारते, बोला, तुमचं काय म्हणणं? याला चार्जबॅक म्हणतात. तोवर ती पत्रिका पाहून गाव जेवून आलेलं असतं.

असं काही वेळा झाल्यावर, आमचे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीनं दम भरला. आणखी एक तक्रार आणि ती खरी ठरली, तर खातं बंद. खातं बंद म्हणजे धंदा बंद, आणि धंदा बंद म्हणजे धर्माबाद.

धर्माबादला माझ्या सासूबाईंचं दुकान आहे, सरजाबाई पशुखाद्य भांडार. धंदा सुरू करताना कंपनीनं दुकानाची कागदपत्रं मागितली, माझ्याकडं दुकानच नव्हतं, तेव्हा मामींनी, म्हणजे सासूबाईंनीच, आपली दिली होती. तो उपकार त्या विसरल्या नव्हत्या. गल्ल्याशेजारी माझ्यासाठी स्टूलसुद्धा मांडून ठेवलं होतं.

“जावईबापू,” त्या दर भेटीत म्हणायच्या, “लगीन माणूस एकदाच करतंय. म्हस रोज खाती.”

मला सरकीच्या पेंडीचा वास सहन होत नाही, आणि ते सासूला सांगता येत नाही.

म्हणून मी बंदोबस्त केला. आपल्याकडं सोयरीक ठरली की चार वडीलधाऱ्यांपुढं सुपारी फुटते. मग कुणाला शब्द फिरवता येत नाही. तेच मी धंद्यात आणलं. पत्रिका मिळाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं कॅमेऱ्यापुढं बसून सांगायचं, पत्रिका आली, आम्हाला मंजूर आहे. हा व्हिडिओ माझ्याकडं पुरावा म्हणून राहणार.

“ते ठीक हाय,” मेथी निवडता निवडता माझी बायको शिल्पा म्हणाली. “पण लोकं तक्रारी का करून राहिलेत, ते इचारलं का एकाला तरी?”

“त्यात काय विचारायचं? फुकट पाहिजे असतं लोकांना.”

ती पुन्हा मेथीकडं वळली. तिचं असं मेथीकडं वळणं मला कधीच लाभलेलं नाही.

पहिला व्हिडिओ आला देगलूरच्या मल्लेशकडून. लग्न त्याचंच होतं. त्याचे थोरले चुलते व्यंकटीकाका फेटा बांधून खुर्चीत बसलेले पहिल्याच क्षणी दिसले. काय रुबाब होता! मी समाधानानं व्हिडिओ बंद केला आणि जपून ठेवला. थोड्याच दिवसांत मल्लेशच्या पत्रिकेवर चार्जबॅक आला. मी हसलो. पुरावा लगेच कंपनीला पाठवून दिला आणि निवांत चहा प्यायलो.

चहाचा कप खाली ठेवेपर्यंत कंपनीतल्या बाईंचा फोन.

“सर, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ तुम्ही पूर्ण पाहिलात का?”

“म्हणजे काय! मंजुरीचाच आहे तो.”

“एकदा पाहा ना.”

पाहिला. व्यंकटीकाका घसा खाकरून म्हणत होते, “पत्रिका आली. पण निमंत्रकांत माझं नाव धाकट्या भावाच्या खाली टाकलंय. मी थोरला हाय. ही पत्रिका मला मंजूर न्हाई.” आणि त्यांच्या मागं उभी असलेली पाचपंचवीस माणसं माना डोलवत होती.

माझ्याविरुद्धचा पुरावा मी स्वतः गोळा करून, स्वतःच्या हातानं पाठवला होता. डोळ्यांपुढं ते स्टूल आलं.

मी तडक देगलूरची बस पकडली.

मल्लेशच्या दारात मांडव पडला होता, पण घर सुतकी. अंगणात दोन धष्टपुष्ट म्हशी रवंथ करत होत्या, तेवढ्याच काय त्या खुशीत. मी व्यंकटीकाकांच्या पायाशी बसलो, मोबाईल काढला आणि त्यांचं नाव उचलून थेट गणपतीच्या खाली नेलं. अक्षरही मोठं केलं.

काकांनी चष्मा लावून पाहिलं. “हाव, आता मंजूर.”

तेही मी कॅमेऱ्यात घेतलं, या वेळी शेवटपर्यंत. हायसं वाटलं. “मग काका, आता बँकेतली तक्रार मागं घ्या.”

“कसली तक्रार? मी कशाला बँकेत जाऊ? माझ्यापाशी कार्डच न्हाई.”

मी मल्लेशकडं पाहिलं. तो ओशाळला. “कार्ड आमच्या दाजींचं होतं. लातूरला असतेत. परवा आलेत, पण फुगून बसलेत. घरात पाणी बी घेईनात. लग्नाला थांबणार न्हाई म्हणतेत. ताई रडून राहिली, अन् कारण तर सांगेनात.”

थोरला जावई मांडवातून निघून गेला, तर लोक काय म्हणतील, हे सांगायला नको. आता माझ्या धंद्याइतकंच मल्लेशचं लग्नही अडलं होतं.

दाजी, म्हणजे दयानंदराव, शेजारच्या ओट्यावर पाठ करून बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर ते गर्रकन वळले.

“तुम्ही पत्रिकावाले का? मग ऐका. मी कार्ड दिलं पत्रिकेसाठी. अन् यांनी काय आणलं, बघा.” त्यांनी मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. कार्डाच्या हिशेबात ठळक अक्षरांत नाव होतं: सरजाबाई पशुखाद्य भांडार.

मी ते नाव दोनदा वाचलं.

“यांनी मागितल्या असत्या तर मी म्हशी बी घेऊन दिल्या असत्या,” दयानंदराव कळवळून म्हणाले. “पण ही चोरी? वरून मला इचारतेत, दाजी, च्या घ्या. पेंड माझी, दूध यांचं, अन् मी फुंकून प्यायचं? मी बँकेला कळवलं, हा खर्च माझा न्हाई.”

“दाजी,” मी म्हणालो. “सरजाबाई माझी सासू हाय.”

मग मी सगळं सांगितलं. कागदपत्रं मामींची, खातं मामींच्या दुकानाचं, म्हणून पत्रिका माझी आणि नाव पेंडीचं.

“म्हणजे मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका पेंडीच्या दुकानातून आली?”

“तसंच म्हणा.”

आधी त्यांची मिशी हलली, मग पोट, आणि मग ते असे हसले की मांडवातली माणसं धावत आली. तिथल्या तिथं त्यांनी बँकेला फोन लावून सांगितलं, खर्च माझाच, तक्रार मागं घ्या. मल्लेशच्या ताईनं चहा आणला. दाजींनी तो बशीत ओतून दोन वेळा घेतला. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या म्हशींनाही नमस्कार केला.

परतीच्या बसमधून जुन्या तक्रारवाल्यांना फोन केले. सगळ्यांचं तेच. एक गृहस्थ तर म्हणाले, “आमच्याकडं मांजर बी न्हाई, अन् पेंडीचा खर्च?” घरी आल्यावर मी शिल्पाला म्हणालो, आधी विचारायला हवं होतं. तिनं मान्य केलं, फार चटकन.

मी कंपनीला सांगून हिशेबात दिसणारं नाव बदलून घेतलं: शुभकार्य लग्नपत्रिका. खाली माझा फोन नंबर, म्हणजे शंका आली तर माणूस बँकेआधी मला फोन करील. मल्लेशचं लग्न दणक्यात झालं. खातं वाचलं, स्टूल रिकामं राहिलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. ऑनलाइन पैसे घ्यायला मामीही तेच खातं वापरायला लागल्या होत्या. आणि एवढ्या गोंधळात मल्लेशच्या वडिलांना मामींच्या दुकानाचं नाव पाठ झालं होतं, अन् दाजींचं कार्ड मल्लेशच्या मोबाईलमध्ये तसंच राहिलं होतं.

परवा दयानंदरावांचा फोन आला.

“सत्यमराव, मल्लेशचं लगीन होऊन दोन महिने झाले. घरात दुसरं कुणी लग्नाचं न्हाई. मग माझ्या कार्डावर ही पत्रिका कुणाची?”

खोटं बोलायची सोय नव्हती.

“दाजी, ती... म्हशींची.”

ते सावकाश म्हणाले, “बरं. बँकेला कळवत न्हाई. पण तुमचा तो मंजुरीचा व्हिडिओ असतो ना, तो माझ्या सासऱ्यांकडून करून घ्या. त्यात म्हणू द्या, अर्धं दूध लातूरला.”

मी उद्याच देगलूरला निघालोय. या वेळी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणार आहे.