मालनच्या गोळ्या

मालनच्या मूत्रनलिकेत खडा अडकला होता. तो सुटावा म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद नागनाथने उलगडला आणि तिथून सगळं बिघडलं. विमा कंपनीत क्लेम तपासण्यात त्याची हयात गेली होती. सोलापूरहून जयपूरला बदली झाली, तरी बारीक अक्षर दिसलं की चष्मा पुसायची खोड सुटली नव्हती.

“अगं, हे तर म्हाताऱ्या पुरुषांचं औषध आहे. प्रोस्टेटचं. बाईला कसं चालेल?”

“डॉक्टर म्हणाले, यानं नळी सैल पडती, खडा खाली सरकतो. पडला तर बिनधास्त लग्नाला जा म्हणाले.”

बार्शीला तिच्या धाकट्या बहिणीच्या, कलावतीच्या मुलीचं लग्न होतं. भाचीसाठी घेतलेल्या लहरियाच्या साडीसकट मालनची बॅग भरून तयार होती.

“थांब, मी विचारतो त्यांना.”

विचारलं मात्र नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांची चूक तोंडावर कशी काढायची, याचा त्याला संकोच वाटला. संध्याकाळी त्याने “डॉक्टरांनी औषध बदललंय” असं ठोकून दिलं आणि मानसरोवर भागातल्या वाण्याकडून मुतखड्यावरचा घरगुती उपाय म्हणून हुलगे आणले. मालन बिचारी नाक मुरडत कढण पिऊ लागली. कळ आली की ओटा धरून उभी राहायची आणि औषधाला वेळ लागत असेल, असं स्वतःच म्हणायची.

राहिल्या गोळ्या. त्या टाकून द्यायला नागनाथचा जीव होईना. गोळ्या पुरुषांच्या, घरात पुरुष आपण एकटेच, शिवाय हल्ली रात्री उठावंही लागतं, असा सरळ विचार करून त्याने त्या स्वतःच सुरू केल्या. रक्तदाबाची गोळी होतीच. उठताना गरगरायचं, ते त्याने जयपूरच्या उन्हावर ढकललं.

मग एके दिवशी ऑफिसात मोठे साहेब आले. नागनाथ खुर्चीतून झटकन उठला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो थेट साहेबांच्या पायांवर कोसळला.

“अरे, जीते रहिए,” साहेबांनी भारावून पाठीवर हात ठेवला. बराच वेळ माणूस उठेना, तेव्हा धावपळ झाली.

ऑफिसच्या मंडळींनी त्याला नेलं, ते नेमकं मालनच्याच डॉक्टरांच्या इस्पितळात. मालन एका हाताने कंबर धरून रिक्षाने आली. डॉक्टर तिच्यासमोरच विचारत होते, “कौन-सी दवा लेते हैं आप?”

नागनाथने खालमानेने सांगितलं.

“भाईसाहब, नली तो औरतों की भी होती है. मुझसे पूछ तो लेते.”

मालनची सोनोग्राफी झाली. खडा होता तिथेच होता आणि वरचं मूत्रपिंड सुजलं होतं. आता गोळ्यांवर भागणार नव्हतं, दुर्बीण घालून तो काढावा लागणार होता. लग्न हुकलं.

घरी आल्यावर मालन भांडेल, निदान रडेल, अशी नागनाथने वाट पाहिली. तिने नुसती बॅग उघडली आणि कपडे कपाटात लावले. त्याला वाटलं, हिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात कलावतीचा फोन आला.

“नाही गं जमत यायला,” मालन म्हणाली. “ह्यांना ऑफिसात चक्कर आली.”

आपलं दुखणं तिने काढलंसुद्धा नाही. नागनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडून कलावतीचा आवाज खणखणीत येत होता, “अक्का, दाजींना नीट सांग, गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्या.”

मालनने त्याच्याकडे एकवार पाहिलं.

“घेतल्या की. एकसुद्धा चुकवली नाही त्यांनी.”